ओलेटा ब्रॅनम आणि सुटलेल्यांची यादी

टॅकेट काउंटीत सकाळी उठल्यावर माणसं आधी हवा बघतात, मग रेडिओवर कोण गेलं ते ऐकतात आणि मग जेलमधून कोण सुटलं ते बघतात. हवा आणि मयत देवाच्या हातात. तिसरी गोष्ट जेलरच्या हातात, आणि जेलर तर आम्हीच मतं देऊन निवडलेला. जेलच्या वेबसाइटवर दोन पानं आहेत, एक आत आलेल्यांचं आणि एक सुटलेल्यांचं. दोन्हीकडे फोटो, नाव, गुन्हा. माणूस सुटला की त्याचा फोटो या पानावरून त्या पानावर जातो आणि आठवडाभर तिथे राहतो. सरकारी माहिती आहे, कुणीही बघावी. बघतातही. कुणी काळजीने, कुणी धास्तीने, आणि बाकीचे कॉफीबरोबर चघळायला काहीतरी हवं म्हणून.

वरच्या खोऱ्यांमध्ये इंटरनेट पोचत नाही. तिथली माणसं ओलेटाला फोन करायची. ओलेटाचं घर गावाजवळ, हमरस्त्याच्या कडेला. तिच्याकडे मुलाने आणून दिलेला कॉम्प्युटर होता आणि वेळ होता. नवरा खाणीतल्या धुळीने फुप्फुसं भरून केव्हाच गेला होता. ती स्वतः शाळेच्या जेवणघरात उभा जन्म काढून निवृत्त झालेली. त्यामुळे यादीतलं जवळजवळ प्रत्येक तोंड तिने कधी ना कधी वाढलेलं. चोरीत सापडलेला मटार ताटाबाहेर ढकलायचा. बायकोला मारून आत गेलेला दुधाचा दुसरा डबा मागताना इतका लाजायचा की तीच न मागता द्यायची. फोटोत ती तोंडं सुजलेली, दात पडलेली, डोळे विझलेले असत. ती नाव वाचायच्या आधी ओळखायची.

लोकांना ती बाई म्हणजे रिकामटेकडी वाटायची. पण तिला फोन करणाऱ्यांत ट्रेसा होती, जिला नवरा सुटायच्या आधी पोरं घेऊन बहिणीकडे जायचं असायचं. चर्चची गाडी घेऊन सुटलेल्यांना न्यायला जाणारा म्हातारा होता. जेल गावाबाहेर बायपासवर, तिथे बस नाही, सुटलेल्या माणसाला न्यायला कुणी आलं नाही तर तो अंगावरच्या कपड्यांनिशी हायवेने चालत सुटतो, आणि मग पहिली थांबणारी गाडी बहुतेक वेळा त्याला नेऊ नये तिथेच नेते. आणि ल्यूडी कॉलिन्स होती, ओलेटाची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नातू जॅरड आत होता. ल्यूडी रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची, "आमच्याचं काही?" ओलेटा रोज म्हणायची, "अजून नाही गं."

ओलेटाचा स्वतःचा मुलगाही आतच होता.

टेरिल तिचा एकुलता एक. बापासारखाच खाणीत गेला. एकदा छताचा दगड पाठीवर आला आणि तो वाचला. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आमच्या काउंटीचं काय केलं ते सांगत बसायला नको, इथे प्रत्येक घरात एक तरी रिकामी खुर्ची आहे. गोळ्या बंद झाल्या तेव्हा टेरिलने सुई धरली. मग जेल, मग सुटका, मग तारखेला न जाणं, मग पुन्हा जेल. गुन्हेगारांचे फोटो छापून विकणारं एक फालतू साप्ताहिक पेट्रोल पंपावर तंबाखूशेजारी ठेवलेलं असतं. एका आठवड्यात टेरिल त्याच्या पहिल्या पानावर आला. ओलेटाने गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेतला आणि घरी नेऊन जाळला. दुसऱ्या दिवशी पंपवाल्याने आणखी मागवला, कारण खप चांगला झाला होता.

आधीच्या खेपेला टेरिल सुटणार म्हणून ती जेलच्या आवारात गाडी लावून बसली होती. तो मागच्या दाराने निघाला आणि कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून लिक ब्रँचला गेला, डूलीच्या ट्रेलरच्या घरात, जिथे सुया हातोहात फिरतात. बऱ्याच दिवसांनी तिने त्याला तिथून ओढून आणला. घरी येऊन तो रडला आणि ती नाही रडली. ती म्हणाली, "मी तिथे मूर्खासारखी बसले होते रे." ते त्याला फार लागलं असावं. कारण या खेपेला जेलच्या व्हिडिओ फोनवर तो आपणहून म्हणाला, "आई, या वेळी सरळ घरी येणार. तू बीन्स शिजायला टाक, वास येईल तसा चालत येतो."

तिने वरवर नाक मुरडलं. पण त्या दिवसापासून तिला जगात एकच गोष्ट हवी होती. या खेपेला त्याने जेलच्या दारातून सरळ घरच्या दारात यावं.

शेवटच्या दोन भेटींत तो बरा दिसत नव्हता. अंगाला घाम, ओठ पांढरे. छातीत धडधडतं म्हणाला. ताप आहे म्हणाला. नर्सने डोकेदुखीची गोळी दिली आणि सुईवाल्या पोरांना सगळ्यांनाच असं होतं म्हणून परत पाठवला. ओलेटाने जेलच्या खिडकीवर फोन केला. खिडकीवर ग्लेना बसते, तीही ओलेटाच्या हातचं जेवलेली. ग्लेना म्हणाली, नर्सने पाहिलंय, काळजी करू नका. ओलेटाने काळजी केली नाही. म्हणजे केली, पण सगळी काळजी त्या एकाच गोष्टीची, हा सुटला की कुठे जाईल.

मार्चमधल्या एका गुरुवारी तिने कॉफी ओतली, कॉम्प्युटर उघडला, आणि सुटलेल्यांच्या पानावर टेरिलचा फोटो होता.

त्याची शिक्षा अजून बाकी होती. पण जेल भरलं की आधी सोडतात, हे तिला यादी वाचून वाचून ठाऊक होतं. तिला शंका आली नाही. तिने बीन्समध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शेगडीवर ठेवले, मक्याच्या पावासाठी लोखंडी तवा चरबी लावून तयार केला, टेरिलचं जाड जॅकेट घेतलं आणि जेल गाठलं. वाटेत ल्यूडीचा फोन आला. ओलेटा म्हणाली, "तुझा नाही, माझा सुटला." ल्यूडी मनापासून म्हणाली, "देव पावला बाई तुला."

खिडकीवर ग्लेनाने तिला बघितलं आणि ती हातातल्या पेनाची उगाच उघडझाप करायला लागली.

"टेरिलला न्यायला आले," ओलेटा म्हणाली.

"तो सुटला, ओलेटाबाई. काल संध्याकाळीच."

"कुणी नेला?"

ग्लेनाने खाली बघितलं. "ते मला सांगता यायचं नाही."

"ट्रक होता का?"

"खरंच नाही सांगता यायचं, बाई. तुम्ही घरी जा."

ओलेटाला वाटलं, पोरगी लाजली. आपल्या मुलाने पुन्हा आईला आवारात बसवलं, हे तोंडावर कसं सांगायचं म्हणून लाजली. आणि ग्लेनाने तिला तसं वाटू दिलं. पुढे ग्लेनाने नोकरी सोडली, चर्चमध्ये रडली, तिला कसं वरून बजावलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. सांगू दे. त्या सकाळी तिच्या तोंडात एक वाक्य होतं आणि तिने ते गिळलं.

ओलेटा तडक लिक ब्रँचला गेली. डूली अर्धवट झोपेत दारात आला. टेरिलला महिनोन् महिने बघितलाच नाही, अशी त्याने आईची शपथ घेतली. ओलेटा म्हणाली, तुझी आई मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखत होते, तिची खोटी शपथ घेऊ नकोस. त्याला ढकलून ती आत शिरली, पडदे सरकवले, न्हाणीचं दार उघडलं. एक अनोळखी पोरगी टबात बसून नखं रंगवत होती. टेरिल नव्हता. डूली तेवढं खरं बोलत होता, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, आणि त्याच वेळी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

घरी येऊन तिने टेरिलच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला नाही. तिने निरोप ठेवला. मग दुसरा ठेवला. बीन्स आटत गेले तशी तिची भाषा आटत गेली. शुक्रवारी किराणा दुकानात दोघीतिघींनी तिला हसून म्हटलं, टेरिल सुटला म्हणे, यादीत बघितलं, बरं झालं बाई. ती हो म्हणाली. दुकानातून बाहेर आली आणि गाडीत बसून शेवटचा निरोप ठेवला. "गाव मला विचारतंय. काय सांगू? तुझा बाप असता तर त्याने तुला ओढत आणला असता, मी दमले. आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस, टेरिल. दार बंद आहे."

फोन आला तो शनिवारी, लेक्सिंग्टनच्या मोठ्या इस्पितळातून. नर्स म्हणाली, तुम्ही टेरिल ब्रॅनमच्या कोण? आम्ही कालपासून त्यांचं माणूस शोधतोय, डिरेक्टरीतल्या एकेका ब्रॅनमला फोन लावतोय. कागदावर घरचा नंबर नाही, फक्त जेलचा आहे, आणि जेलवाले म्हणतात तो आता आमचा नाही.

लेक्सिंग्टन आमच्याकडून दोन तासांवर आहे. ओलेटा पोचली तेव्हा तो गेलेला होता. नर्सने त्याचे केस विंचरून ठेवले होते.

सुईवाटे रक्तात गेलेली घाण हृदयाच्या झडपेवर बसली होती. मंगळवारी तो कोठडीत कोसळला. बुधवारी त्याला हेलिकॉप्टरने इथे आणला, पाय पलंगाला साखळीने बांधून, आणि शेजारी खुर्चीवर जेलचा शिपाई. डॉक्टरांनी सांगितलं, हा काही जगत नाही. हे घरी कळवायचं सोडून जेलवाल्यांनी न्यायाधीशांपुढे कागद नेला. कैदी आजारी आहे, त्याला जातमुचलक्यावर सोडावं. बेशुद्ध माणसाचा जातमुचलका. न्यायाधीशांनी सही केली. संध्याकाळी शिपायाला फोन आला, त्याने साखळी काढली, कमरेला अडकवली, नर्सला म्हणाला "आता हा तुमचा," आणि जेवायला गेला. त्यानंतर अडीच दिवस टेरिल ब्रॅनम हा मोकळा माणूस एकटा पडून होता. त्याची आई त्याला लिक ब्रँचच्या न्हाणीत शोधत होती.

ओलेटाने पांघरूण वर केलं. घोट्यावर साखळीचा वळ होता. तिने तो हाताने झाकला.

त्याला असा का सोडला हे काही गूढ नाही, आमच्याकडे सगळ्यांना कळतं आणि सगळे तोंड मिटून असतात. कैदी मेला तर चौकशी होते, राज्याला अहवाल जातो, वर्तमानपत्रात येतं, इस्पितळाचा खर्च काउंटीच्या माथी बसतो. सुटलेला माणूस मेला तर नुसतं मयत होतं.

मयताला जेलर आला. हॉबर्ट काउडिल. आमचा जेलर कुठलंही मयत चुकवत नाही, निवडणूक तिथेच जिंकतात. बायकोने भाजलेलं हॅम घेऊन आला, टोपी छातीशी धरून शवपेटीजवळ उभा राहिला. जाताना म्हणाला, जेलमध्ये टेरिलचं सामान आहे, केव्हाही येऊन न्या. ओलेटा दुसऱ्या दिवशी गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पँट, पट्टा, बूट आणि मोबाइल. घरी आणून तिने मोबाइल चार्जिंगला लावला, त्यात लहानपणीचे काही फोटो असतील म्हणून. मोबाइल जागा झाला आणि त्याने सांगितलं की निरोप आलेले आहेत. सगळे तिचेच होते. तिने सगळे ऐकले, शेवटचा दोनदा ऐकला. तो फोन सगळे दिवस जेलच्या कपाटात बंद पडून होता, टेरिलपर्यंत एकही शब्द पोचला नव्हता. ल्यूडीने समजूत घालायला हेच सांगितलं. ओलेटा म्हणाली, "त्याला नाही ऐकू आलं. मला आलं ना."

सुटलेल्यांच्या पानावर त्याचा फोटो अजून होता. ती रोज बघत राहिली. मग आठवडा संपला आणि फोटो गेला, जसे सगळ्यांचे जातात. तिने जेलला कळवलं की माझ्या मुलाची नोंद चूक आहे, तो तुमच्या ताब्यात असताना मेला, तसं लिहा. जेलने सांगितलं, नोंद बरोबर आहे. तिने न्यायालयात विचारलं. तिथल्या कारकुनाने कागद काढून दाखवला, त्यावर न्यायाधीशांची सही, वेळ, सगळं जिथल्या तिथे. चूक कुठेच नव्हती. हीच तर गंमत आहे, आमच्याकडे पाप करायचं तर ते अगदी रीतसर करतात.

एप्रिलमध्ये काउंटीची मासिक सभा झाली. दर खेपेला तिथे रस्त्यांचे खड्डे आणि भटक्या कुत्र्यांवर बोलून लोक घरी जातात. हॉबर्टने उभं राहून जेलचा वर्षाचा अहवाल वाचला. किती आले, किती गेले, किती जेवणं दिली. शेवटी तो म्हणाला, देवाच्या दयेने या वर्षात आपल्या जेलमध्ये एकही मृत्यू झाला नाही. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, सवयीने.

ओलेटा उठली. शेजारी ल्यूडी होती, तिने हात धरला होता तो सोडून दिला.

"हॉबर्ट," ओलेटा म्हणाली, "माझा मुलगा मोजून सांग."

हॉबर्टने चष्मा काढला. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात, आवाजही मऊ आहे. "ओलेटाबाई, तुमचं दुःख मी समजतो. मलाही मुलं आहेत. पण कायदा कायदा असतो. न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं होतं. तुमचा टेरिल मोकळा माणूस म्हणून गेला. साखळीत गेला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

"हो," ओलेटा म्हणाली. "साखळीत गेला असता तर मला फोन करणं तुला भाग पडलं असतं."

हॉबर्टने चष्मा पुसला. बाकीच्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. मग अध्यक्षांनी हळूच विचारलं, यावर आणखी कुणाला काही म्हणायचंय का, आणि कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. पुढचा विषय पुलाचा होता. नोव्हेंबरात हॉबर्ट पुन्हा निवडून आला, आधीपेक्षा थोड्या कमी मतांनी.

ओलेटाने कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा टाकून ठेवला. फोन वाजायचा, ती उचलायची नाही. उन्हाळ्यात एकदा ट्रेसाचा नवरा सुटला आणि ट्रेसाला कळलंच नाही. ती स्वयंपाकघरात असताना तो मागच्या दाराने आला. तिचा हात मोडला. प्लॅस्टर घातलेल्या हाताने ती ओलेटाच्या दारात आली, तक्रार करायला नाही, फक्त विचारायला, की आता ती यादी दुसरं कोण वाचतं. ओलेटाने तिला बसवलं, कॉफी दिली आणि ती गेल्यावर अभ्रा काढला.

ती पुन्हा रोज वाचायला लागली. पण वाचणं बदललं होतं. पूर्वी आनंदाची बातमी ती आनंदाने सांगायची, "सुटला गं तुझा." आता ती नुसतं विचारायची, "शेवटचं बोलणं कधी झालं त्याच्याशी? तब्येत कशी होती?" लोक म्हणू लागले, ओलेटाबाईचं डोकं जरा फिरलंय, पोराच्या दुःखाने. डोकं तिचं चांगलं शाबूत होतं.

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा एका सकाळी तिने पान उघडलं आणि सुटलेल्यांत जॅरड कॉलिन्स होता. ती फोनकडे बघत बसली. तो नेहमीच्या वेळी वाजला.

"आमच्याचं काही?" ल्यूडीने विचारलं.

"आहे. काल संध्याकाळी सुटला."

पलीकडे ल्यूडी हसत सुटली, रडत सुटली, दोन्ही एकदम. इतके महिने ती तेवढ्या एका शब्दाची वाट बघत होती. तिने दम खात सांगितलं की कोंबडी कालच आणून ठेवलीय, आत्ता तळायला घेते, त्याला गरम गरमच आवडते, आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगते, तू पण जेवायला ये.

"ल्यूडी," ओलेटा म्हणाली, "शेगडी पेटवू नकोस अजून. पेन्सिल घे. मी इस्पितळांचे नंबर सांगते."

हसणं थांबलं. फोनमधून ल्यूडीच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, कुणाच्या तरी मयताची वेळ सांगत होता. मग फडताळ उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला.

"सांग," ल्यूडी म्हणाली, आणि ओलेटाने लेक्सिंग्टनपासून सुरुवात केली.